वकिलाच्या कपाटातले आपले कागद

बुलढाणा, खामगाव, मलकापूर किंवा मेहकर, कोणत्याही कोर्टाच्या आवारात पेशीच्या दिवशी सकाळी गेलात तर बहुतेकांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसते. पिशवीत सातबारा, आठ-अ, फेरफाराचा उतारा, आधार कार्ड, बँकेचं पासबुक, वडिलांचा मृत्यू दाखला, कधी दवाखान्याचे कागद. ही पिशवी वकिलाच्या टेबलावर रिकामी होते. तिथून पुढे त्या कागदांचं काय होतं, ते कोण पाहतं, कुठे ठेवतं, हे विचारायला पक्षकाराला संकोच वाटतो. वकिलाला असं विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही. पक्षकाराची माहिती जपण्याची जबाबदारी कायद्यानेच वकिलावर टाकली आहे, म्हणून कागदांचा हा प्रवास एकदा टप्प्याटप्प्याने पाहू.

उदाहरणाला आपल्याच जिल्ह्यातला एक नेहमीचा पक्षकार घेऊ. पूर्णा नदीवरच्या जिगाव प्रकल्पात नांदुरा तालुक्यातली जमीन गेलेला शेतकरी. मोबदला कमी मिळाला म्हणून वाढीव मोबदल्यासाठी त्याला वकील हवा आहे. त्याच्या कागदांत एका कुटुंबाचं सगळं आयुष्य आहे. जमीन किती, वारस कोण, बहिणींनी हक्क सोडला की नाही, कर्ज कोणत्या बँकेचं, पैसे कोणत्या खात्यात येणार. मोठ्या रकमेची वाट पाहणाऱ्या माणसाची ही माहिती नको त्या हाती लागली, तर घरातलं भांडण पेटायला किंवा फसवणुकीचा फोन यायला वेळ लागत नाही.

मुंबई-पुण्यातल्या मोठ्या लॉ फर्ममध्ये माहिती सांभाळायला वेगळा विभाग असतो, संगणकावर कोणी कोणती फाइल उघडली याची नोंद राहते. आपल्याकडे वकिलाचं ऑफिस म्हणजे बहुधा घराची पुढची खोली, एक-दोन ज्युनिअर, एक मुन्शी आणि टायपिंगचं काम करणारा एखादा मुलगा किंवा मुलगी. कायद्याने मात्र दोघांवर टाकलेली जबाबदारी अगदी सारखी आहे.

पहिला टप्पा बोलण्याचा. पक्षकार कागद देण्याआधी हकिकत सांगतो, आणि सर्वांत जुनं संरक्षण याच हकिकतीला आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात कलम १२६ ते १२९ त्यासाठी होती. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ आला आणि तोच नियम आता कलम १३२ ते १३४ मध्ये आहे. पक्षकाराने वकिलीच्या कामासाठी जे सांगितलं, जो कागद दाखवला, आणि त्यावर वकिलाने जो सल्ला दिला, ते पक्षकाराच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाला उघड करता येत नाही. काम संपलं, वकील बदलला, तरी हे बंधन संपत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे ते एकट्या वकिलावर नाही. दुभाषी, कारकून आणि ऑफिसातले नोकरही त्यात येतात. फाइल हाताळणारा मुन्शी आणि अर्ज टाइप करणारी मुलगी, दोघांचंही तोंड कायद्याने बांधलेलं आहे.

या संरक्षणाची हद्द कायद्यातच उदाहरण देऊन दाखवली आहे. "मी खोटा दस्तऐवज केला आहे, माझा बचाव करा," असं पक्षकार म्हणाला तर ते गुप्त राहतं, कारण आरोपीलाही बचावाचा हक्क आहे. पण "हा खोटा दस्तऐवज घ्या आणि त्याच्या जोरावर मला जमिनीचा ताबा मिळवून द्या," असं म्हणाला तर त्याला संरक्षण नाही. झालेल्या गोष्टीची कबुली सुरक्षित आहे, पुढच्या गुन्ह्याचा बेत नाही. तसंच, काम हाती घेतल्यानंतर एखादा गुन्हा किंवा लबाडी घडताना वकिलाच्या नजरेस पडली, तर तीही झाकली जात नाही.

इथे आपल्याकडची एक सवय आड येते. शेतकरी वकिलाकडे एकटा सहसा जात नाही. सोबत शेजारी असतो, भाचा असतो, गावातला एखादा जाणकार असतो. कायद्याने बांधलेला आहे तो वकील आणि त्याची माणसं. सोबत बसून सगळं ऐकणारा शेजारी बांधलेला नाही. उद्या त्याचं आणि आपलं बिनसलं तर तो साक्षीला उभा राहू शकतो. मुख्य गोष्ट सांगताना सोबतच्या माणसाला बाहेर थांबायला सांगणं, आणि वकिलानेही समोरच्या खुर्च्यांवर दुसरे पक्षकार बसलेले असताना आपल्याला बोलतं न करणं, ही दोन्हीकडची काळजी आहे. जागा लहान असली तरी दार लोटून घेता येतं.

दुसरा प्रश्न खास तालुक्याच्या ठिकाणचा. वकील मोजके, नाती गुंतलेली. वाटणीच्या वादात थोरला भाऊ सल्ला घेऊन गेला आणि महिन्याभराने धाकटा त्याच वकिलाकडे आला, तर? बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम इथे स्पष्ट आहेत. ज्या वकिलाने एका प्रकरणात एका पक्षाला सल्ला दिला, दावा लिहून दिला किंवा त्याच्या बाजूने काम केलं, त्याला त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाकडून उभं राहता येत नाही. पक्षकाराने ठेवलेल्या विश्वासाचा फायदा उठवायचा नाही, असाही वेगळा नियम आहे. म्हणूनच काळजी घेणारे वकील हकिकत ऐकण्याआधी समोरच्या पक्षाचं नाव विचारतात. तो प्रश्न आपल्याच हिताचा असतो.

आता कागद. वकीलपत्रावर सही करताना ते भरलेलं आहे का, हे पाहा. कोरं वकीलपत्र सही करून ठेवून देण्याची पद्धत घाईपोटी पडली आहे, पण ती चुकीची आहे. कोऱ्या स्टँप पेपरवर सही तर कुणालाच देऊ नये, वकिलालाही नाही. मूळ कागद आणि झेरॉक्स यांची वेगळी यादी करावी आणि मूळ कागद दिले असतील तर त्या यादीवर पोच घ्यावी. ज्या ऑफिसात ही पोच न मागता मिळते, तिथे पुढची व्यवस्थाही बहुधा चांगली असते.

एक गैरसमज इथेच काढायला हवा. वकिलाच्या कपाटात ठेवल्याने कोणताही कागद आपोआप गुप्त होत नाही. संरक्षण आहे ते आपल्या आणि वकिलाच्या संवादाला. सातबारा, खरेदीखत, बँकेचा उतारा हे आधीपासून अस्तित्वात असलेले कागद कोर्टाने मागितले तर हजर करावे लागतात. आणि दाव्यात जे लिहिलं जातं त्याची प्रत समोरच्या पक्षाला मिळतेच. शिवाय ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने किंवा सोळा अंक-अक्षरांच्या सीएनआर क्रमांकाने कुणालाही प्रकरणाची स्थिती पाहता येते. म्हणून दावा लिहितानाच हात आखडता घ्यावा लागतो. वाढीव मोबदल्याच्या अर्जाला जमिनीचा गट क्रमांक आणि निवाडा लागतो, मुलीचं आजारपण लागत नाही. चांगला मसुदा लिहिणारा वकील जे लागतं तेवढंच लिहितो, आणि मला वाटतं, माहिती जपण्याचं सगळ्यांत मोठं काम तिथेच होतं.

काही प्रकरणांत कायदा स्वतःच पडदा ओढतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार वैवाहिक खटल्याचं कामकाज बंद दाराआड चालतं आणि ते छापता येत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणातही कोर्ट तसं करू शकतं. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पीडित बालकांसाठी पोक्सो कायद्यात वेगळी तरतूद आहे. अशा फाइलवर मुलीचं नाव मोठ्या अक्षरात लिहून ती टेबलावर पडू देणं, हे ऑफिसच्या निष्काळजीपणाचं सर्वांत वाईट रूप आहे. फाइलच्या पाठीवर फक्त प्रकरण क्रमांक पुरतो.

एवढे कायदे असूनही माहिती फुटते ती बहुतेक वेळा झेरॉक्सच्या दुकानात आणि मोबाइलमध्ये. मशीनवर मूळ आधार कार्ड विसरून जाणं, खराब निघालेली प्रत दुकानातल्या टोपलीत टाकणं, स्कॅन केलेली फाइल दुकानदाराच्या संगणकावर तशीच राहणं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. अर्ज टाइप करून घेतल्यावर मसुदाही त्या संगणकात राहतो. व्हॉट्सअॅपवर तर एक बोट घसरलं की पासबुकाचा फोटो भावकीच्या ग्रुपवर. नागपूर खंडपीठात अपील गेलं तर पूर्वी कागदांचा बस्ता माणसाबरोबर जायचा, आता तिथल्या वकिलाला पीडीएफ जाते. सोय झाली, पण त्या पीडीएफच्या प्रती किती मोबाइलमध्ये उरल्या हे कुणी मोजत नाही.

यावर उपाय महागडे नाहीत. ऑफिसात स्वतःचा स्कॅनर-प्रिंटर असावा. प्रत्येक पक्षकाराचं फोल्डर वेगळं, संगणकाला पासवर्ड, ज्युनिअरला त्याच्या कामापुरत्याच फाइली. ज्युनिअर काम सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदलायचा. पीडीएफला कुलूप लावून पाठवायची आणि पासवर्ड वेगळा, फोनवर सांगायचा. कागदी फाइल कुलपाच्या कपाटात. मुन्शीला पहिल्याच दिवशी सांगायचं की चहाच्या टपरीवर कुणाच्याही केसची चर्चा होणार नाही, त्या चर्चेत नाव घेतलं नाही तरीही. तालुक्यात हकिकत ऐकली की नाव ओळखायला वेळ लागत नाही.

पक्षकाराच्या हातातही बरंच आहे. आधारची प्रत द्यायची तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क केलेलं आधार काढता येतं. त्यावर क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात. पूर्ण क्रमांक लागणारच असेल, तर झेरॉक्सवर आडवं "फक्त अमुक दाव्याच्या कामासाठी" लिहून तारीख टाकावी. अशी प्रत सिमकार्ड घ्यायला किंवा कर्ज काढायला वापरणं अवघड जातं. दाव्यासाठी तुमच्या बँकेचा ओटीपी किंवा एटीएमचा पिन वकिलाला कधीही लागत नाही. तो मागणारा फोन वकिलाच्या नावाने आला तरी ठेवून द्या आणि ऑफिसात प्रत्यक्ष जा.

पोलिसांनी वकिलालाच बोलावलं तर? हा प्रश्न अलीकडे देशभर गाजला. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. पक्षकाराच्या प्रकरणाची माहिती काढण्यासाठी तपास अधिकाऱ्याला वकिलाला समन्स काढता येणार नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मधला अपवाद लागू होत असेल तरच ते निघेल, तेही पोलिस अधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेल्या वरिष्ठाच्या संमतीने आणि तो अपवाद कोणत्या वस्तुस्थितीमुळे लागू होतो ते समन्समध्ये नमूद करून. वकिलाचा लॅपटॉप किंवा मोबाइल हवा असेल तर तो कोर्टापुढेच हजर होईल, आणि उघडताना इतर पक्षकारांची गोपनीयता जपावी लागेल. त्या एका लॅपटॉपमध्ये शेकडो घरांच्या फाइली असतात, म्हणून निकालातला हा भाग आपल्या दृष्टीने फार मोलाचा आहे.

याखेरीज २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. कायदेशीर हक्क बजावण्यासाठी माहिती वापरायची असेल तर त्यातल्या बऱ्याच अटींतून सूट आहे, पण माहितीची वाजवी सुरक्षा ठेवण्याच्या कर्तव्यातून सूट नाही. त्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. कपाटातला कागद स्कॅन झाला की त्याची ती प्रत त्यात येते.

शेवटचा टप्पा निकालानंतरचा, आणि तो सर्वांत दुर्लक्षित. फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० सालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. फीसाठी वकिलाला वेगळा मार्ग आहे, पण कागद पक्षकाराचे. मूळ कागद यादीप्रमाणे परत घ्यावेत. ऑफिसात उरलेल्या प्रती किती वर्षं ठेवणार आणि नंतर काय करणार, तेही विचारावं. जुन्या फाइली रद्दीत किलोवर विकल्या गेल्या तर कुणाच्या तरी घटस्फोटाच्या अर्जात शेंगदाणे बांधून मिळतील. त्या फाडून, जाळून नष्ट करायला हव्यात. कोऱ्या पाठीवर कच्चं प्रिंट काढण्याची काटकसरही इथे नको.

आणि वकिलाने विश्वास मोडलाच तर? सर्वोच्च न्यायालयाच्या १४ मे २०२४ च्या निकालानुसार वकिलांच्या सेवेविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार करता येते. शिस्तपालन समिती समज देऊ शकते, सनद काही काळ निलंबित करू शकते, किंवा वकिलाचं नाव यादीतून काढू शकते. तक्रारीला पुरावा लागतो, म्हणून कागद दिल्याची पोच, मेसेज आणि फीच्या पावत्या जपून ठेवा. वकील करण्याची ऐपत नसेल तर बुलढाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि त्या वकिलावरही गुप्ततेचं बंधन तेवढंच असतं. पुढच्या पेशीला जाल तेव्हा पिशवीतल्या कागदांची यादी घरूनच करून न्या आणि तिच्यावर वकिलांच्या ऑफिसची सही मागा.