विजेच्या वाटेने औषध

औषध घेण्याच्या तीन वाटा आपल्या चांगल्या परिचयाच्या आहेत. गोळी गिळावी, काढा प्यावा, आणि दुखणे फारच बळावले तर दंड पुढे करून सुई टोचून घ्यावी. चौथी वाट कातडीची. सुंठीचा लेप, कपाळावरचा बाम, मुरगळलेल्या पायावर चोळलेले मलम हे सारे या वाटेचे प्रवासी. परंतु चोळलेल्या औषधापैकी आत किती पोचते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. बहुतेक औषधांच्या बाबतीत त्याचे उत्तर ‘फारच थोडे’ असे आहे. या बंद दारातून औषध आत नेण्यासाठी सौम्य विद्युत्प्रवाहाचा उपयोग करण्याची एक पद्धती वैद्यकात रूढ आहे. विज्ञानशाखेच्या वाऱ्यालाही उभे न राहणाऱ्या माझ्या कलाशाखीय मित्रांना तिची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम त्या दाराकडे पाहू. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. त्याला शृंगस्तर म्हणतात. तळहात व तळपाय वगळले तर त्याची जाडी सुमारे १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्याही पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकी. पण ही पातळ भिंत मोठी चिवट आहे. मृत पेशी या तिच्या विटा आणि त्यांच्या सांध्यांत भरलेले स्निग्ध द्रव्य हा तिचा चुना. स्निग्ध पदार्थांत विरघळणारे लहान रेणू या चुन्यातून कसेबसे वाट काढतात. तंबाखूतील निकोटिन हे त्याचे उदाहरण. मात्र जी औषधे पाण्यात विरघळून विद्युत्भार धारण करतात, त्यांना येथे मज्जाव असतो.

अशा भारित कणाला ‘आयन’ म्हणतात. हा शब्द ग्रीक भाषेतून आला असून त्याचा अर्थ ‘जाणारा’ असा आहे. आपल्या उत्तरायण-दक्षिणायनांतील ‘अयन’ हाही त्याच कुळातला, गतिवाचक शब्द. भाषेच्या विद्यार्थ्यांना हे नाते आवडावे. आणि ते येथे चपखलही बसते, कारण आयनाचा स्वभावच मुळी जाण्याचा. सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात आणि विजातीय भार एकमेकांना ओढतात, हे आपण शाळेत शिकलो. तेव्हा धनभारित औषध विद्युद्घटाच्या धन टोकाखाली, म्हणजे धनाग्राखाली ठेवले, तर ते तेथून दूर, अर्थात त्वचेच्या आत लोटले जाईल. ऋणभारित औषधासाठी ऋणाग्र वापरावे लागेल. दुसरे अग्र शरीरावर थोडे दूर लावले की मंडल पूर्ण होते. औषध मुख्यतः घामाच्या नलिका व केसांची मुळे या चोरवाटांनी आत शिरते. जो भार औषधाला दारात अडवतो, त्यालाच हाताशी धरून वीज त्याला आत नेते. हीच या युक्तीतील खरी गंमत. ‘आयन्टोफोरेसिस’ या तिच्या अवघड नावाचा अर्थही ‘आयनांचे वहन’ एवढाच आहे.

कल्पना सुचणे सोपे, ती सिद्ध करणे अवघड. अठराव्या शतकाच्या मध्यास व्हेनिसच्या पिवाती यांनी असा दावा केला की, बंद काचनळीत औषध ठेवून ती नळी विजेने भारित केली म्हणजे औषधाचा गुण रोग्यापर्यंत पोचतो. युरोपभर गाजावाजा झाला. तेव्हा नोले हे फ्रेंच शास्त्रज्ञ १७४९ साली स्वतः इटलीत गेले, प्रयोग पाहिले, आणि त्या दाव्यांत तथ्य नसल्याचे त्यांनी जाहीर केले.

खात्रीलायक पुरावा मिळाला तो विसाव्या शतकाच्या प्रारंभी, फ्रान्समधील नांत येथील लदुक यांच्या प्रयोगातून. त्यांनी दोन सशांमधून एकच विद्युत्प्रवाह एकापाठोपाठ एक असा खेळवला. पहिल्या सशाच्या अंगावर, प्रवाह जेथे आत शिरतो त्या धनाग्राखाली, स्ट्रिक्निन या विषाच्या क्षाराचे द्रावण होते. दुसऱ्या सशाच्या अंगावर, प्रवाह जेथून बाहेर पडतो त्या ऋणाग्राखाली, पोटॅशियम सायनाइडचे. स्ट्रिक्निनचा आयन धनभारित, सायनाइडचा ऋणभारित. प्रवाह सुरू होताच दोन्ही विषे आत लोटली गेली. पहिला ससा आचके येऊन मेला, दुसरा सायनाइडने. मग नव्या सशांवर तीच विषे, तेवढाच प्रवाह, पण दिशा मात्र उलटी असा प्रयोग केला. या वेळी एकाही सशाला काही झाले नाही. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही. तो वाचतानाही जीव हळहळतो. पण त्याने वादाचा निकाल लावला. विष तेच, वीज तीच. जीव वाचला की गेला हे ठरवले केवळ दिशेने.

मारण्यासाठी सिद्ध झालेली ही युक्ती पुढे तारण्याच्या कामी आली. सिस्टिक फायब्रोसिस नावाचा एक आनुवंशिक विकार आहे. त्यात फुप्फुसांत व स्वादुपिंडात चिकट स्राव साचतो, आणि घाम नेहमीपेक्षा फार खारट असतो. ज्या बालकाचा मुका खारट लागतो ते फार जगत नाही, असा समज युरोपातील लोकपरंपरेत पूर्वी होता. हा खारटपणा मोजता आला तर रोगाचे निदान होते. पण तान्ह्या मुलाचा घाम गोळा करायचा कसा? पूर्वी मुलाला गुंडाळून उष्णता देत. त्यात जिवाला धोका असे. गिब्सन व कुक यांनी १९५९ साली नवा मार्ग दाखवला. दक्षिण अमेरिकेतील एका झुडपापासून मिळणारे पिलोकार्पिन हे औषध घाम आणते. ते धनभारित असल्याने धनाग्राखाली ठेवून मुलाच्या हाताच्या तेवढ्याच भागात सौम्य प्रवाहाने आत घालावयाचे. पाचएक मिनिटे प्रवाह द्यायचा, मग अर्धा तास घाम टिपायचा. घामातील क्लोराइड दर लिटरमागे ६० मिलिमोल किंवा अधिक आढळले, तर रोग असण्याचा संभव मोठा. सुई नाही, भट्टी नाही. आजही या रोगाच्या निदानात ही चाचणी प्रमाण मानली जाते. आपल्या देशातही हा रोग आहे, पण तो पुष्कळदा ओळखलाच जात नाही.

दुसरा उपयोग परीक्षार्थींना जवळचा वाटेल. काहींच्या तळहातांना इतका घाम येतो की उत्तरपत्रिका ओली व्हावी. अशांचे हात साध्या नळाच्या पाण्याच्या उथळ ताटल्यांत ठेवून १५ ते २० मिलिअँपिअर प्रवाह वीस-तीस मिनिटे देतात. काही बैठकांनंतर घाम पुष्कळ कमी होतो, पण तो तसाच राहावा म्हणून उपचार अधूनमधून चालू ठेवावा लागतो. येथे औषध नाहीच. पाणी आणि वीज एवढेच. हे नेमके का घडते, यावर तज्ज्ञांचे अद्याप एकमत नाही. याखेरीज त्वचा बधिर करणारे लिडोकेन धनाग्राखाली, तर सूज उतरवणारे डेक्सामेथासोन फॉस्फेट ऋणाग्राखाली ठेवून देतात.

मात्रा मोजण्याची रीतही सोपी आहे. प्रवाहाला मिनिटांनी गुणायचे. चार मिलिअँपिअर दहा मिनिटे म्हणजे चाळीस. प्रवाह किंवा वेळ दुप्पट केला की औषधही साधारण दुप्पट जाते. मग घाई असलेल्याने प्रवाहच वाढवावा काय? मुळीच नाही. त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला अर्धा मिलिअँपिअर ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. त्यापुढे आग होते, त्वचा भाजते. शिवाय धनाग्रापाशी आम्ल व ऋणाग्रापाशी अल्क तयार होते. म्हणून उघडा धातू कातडीला कधीच लावत नाहीत, मध्ये ओली गादी असते. हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी तर या वाटेला जाऊच नये. अति तेथे माती, हे वचन येथे अक्षरशः खरे ठरते.

हा इशारा केवळ कागदी नव्हे. अर्धशिशीसाठी सुमाट्रिप्टान देणारी ‘झेक्युइटी’ नावाची विजेरी पट्टी २०१३ साली अमेरिकेत मान्य झाली. ती बाजारात आल्यावर रोग्यांच्या त्वचेवर भाजल्याच्या व व्रण उठल्याच्या तक्रारी आल्या, आणि २०१६ साली तिची विक्री थांबवावी लागली. फेन्टानिल हे तीव्र वेदनाशामक देणारे ‘आयॉन्सिस’ हे उपकरण २००६ साली मान्य झाले होते. त्याच्या एका भागाला गंज चढून ते आपोआप सुरू होऊ शकेल असे दिसताच २००८ साली तेही परत घेतले गेले. तत्त्व अचूक असले तरी यंत्र माणसानेच बनवायचे असते.

शिवाय या पद्धतीला स्वतःच्या सीमा आहेत. भार नसलेली बहुतेक औषधे ती फारशी नेऊ शकत नाही. फार मोठ्या रेणूंना ही वाट अरुंद पडते. आणि प्रवाहाचा बराचसा भाग शरीरातील सोडियम-क्लोराइडसारखे आयनच वाहून नेतात. सर्व रोगांवर विजेचा एकच पट्टा, असा दावा करणारी जाहिरात दिसली की म्हणूनच तीन प्रश्न विचारावेत: औषध कोणते, त्याचा भार कोणता, आणि मात्रा किती? हे विचारायला प्रयोगशाळेचा डगला लागत नाही. पिवाती यांच्या काचनळीने लोकांना भुरळ घातली, कारण चमत्कार सर्वांनाच हवा होता. नोले यांनी मात्र प्रवासाचे कष्ट घेतले आणि डोळ्यांनी पाहून मगच निकाल दिला. त्या सवयीची गरज कलाशाखेलाही तितकीच आहे.