पाताळकोटची दरी व ‘राजाखोह’

नागपूरहून सावनेर व सौंसर या मार्गानें उत्तरेस गेलें असतां छिंदवाडा लागतें, आणि तेथून पुढें सातपुड्याच्या पठारावर तामिया नांवाचें गांव आहे. तामियाच्या पलीकडे पठार एकाएकीं तुटतें आणि पायांखालीं घोड्याच्या नालाच्या आकाराची एक प्रचंड दरी दिसूं लागते. हाच पाताळकोट होय. दरीची खोली बाराशें ते पंधराशें फूट सांगतात. तिच्या तळाशीं दुधी नदीचा उगमप्रवाह वाहतो, व त्याच्या कांठीं आणि कड्यांच्या पायथ्याशीं चिमटीपूर, रातेड, गैलडुब्बा, कारेयाम अशीं डझनभर लहान गांवें विखुरलेलीं आहेत. वस्ती मुख्यतः भारिया व गोंड लोकांची आहे.

या दरींत ‘राजाखोह’ नांवाची एक विस्तीर्ण कपार आहे. नागपूरचा भोंसला राजा इंग्रजांपासून जीव वांचविण्यासाठीं येथें येऊन राहिला, आणि येथून पचमढीपर्यंत भुयार होतें, अशी आख्यायिका तेथें सांगतात. भुयाराची गोष्ट बाजूस ठेवूं. तशी ती प्रत्येक किल्ल्याबद्दल व गुहेबद्दल सांगितली जातेच. परंतु राजाच्या वास्तव्याची कथा तितक्या सहजतेनें टाकून देतां येत नाहीं. ती कोणत्या मर्यादेपर्यंत ग्राह्य धरावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम राजाचें नांव घेऊं. लोकांच्या तोंडीं व प्रवासवर्णनांत हा राजा पुष्कळदां ‘रघूजी’ म्हणून येतो. क्वचित् ‘दुसरा रघूजी’ असेंही स्पष्ट म्हटलेलें आढळतें. हें कालक्रमास धरून नाहीं. दुसरा रघूजी मार्च १८१६ मध्यें वारला, तेव्हां तो नागपूरच्या गादीवरच होता. इंग्रजांशीं त्याचें युद्ध झालें तें १८०३ मध्यें, आणि त्याचा शेवट देवगांवच्या तहानें झाला. राज्य सोडून डोंगरांत लपण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नाहीं. तिसरा रघूजी तर इंग्रजांच्याच अनुमतीनें १८१८ मध्यें गादीवर बसला व १८५३ पर्यंत राज्यावर होता. तेव्हां रघूजी हें नांव येथें चुकलें आहे, एवढें निश्चित.

खरोखर डोंगरांत आश्रय घेतलेला भोंसला एकच, तो मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब. त्याचा वृत्तान्त थोडक्यांत असा. सीताबर्डीची लढाई २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं झाली. डिसेंबरांत नागपूर इंग्रजांच्या हातीं पडलें. जानेवारी १८१८ मध्यें अप्पासाहेबास कडक अटींवर गादीवर राहूं दिलें. परंतु तो बाजीराव पेशव्याशीं गुप्त संधान ठेवतो असा आरोप ठेवून रेसिडेंट जेंकिन्स यानें त्यास मार्चमध्यें कैद केलें व अलाहाबादेकडे रवाना केलें. वाटेंत जबलपुराकडील रायचूर या गांवीं (कर्नाटकांतील रायचूर नव्हे) १३ मे १८१८ रोजीं पहाऱ्यांतील शिपायांस फितवून, शिपायाच्याच वेषांत तो निसटला. तेथून तो महादेवाच्या डोंगरांत शिरला. हर्रईचा गोंड जमीनदार चैनशाह यानें त्यास आश्रय दिला. जुलैमध्यें बेतुलाकडे कॅप्टन स्पार्क्सची तुकडी कापली गेली, ती याच धामधुमींत. पुढें फेब्रुवारी १८१९ च्या आरंभीं अप्पासाहेब डोंगर सोडून असीरगडाकडे गेला, आणि एप्रिलमध्यें तो किल्ला पडण्यापूर्वींच तेथूनही निसटून उत्तर हिंदुस्थानांत गेला. १८४० मध्यें जोधपूर येथें त्याचा अंत झाला.

म्हणजे मे १८१८ ते जानेवारी १८१९ अखेर, सुमारें साडेआठ महिने, नागपूरचा पदच्युत राजा या डोंगरांत होता. ही गोष्ट आख्यायिकेवर अवलंबून नाहीं. आतां नकाशा पाहावा. हर्रई पूर्वेस, पचमढी पश्चिमेस, आणि पाताळकोट या दोहोंच्या मध्यें. शिवाय तामियाचें पठार हें पाणलोटाची मोडण आहे: दक्षिणेकडे कन्हान व पेंच यांचें पाणी अखेर गोदावरीस मिळतें, तर पाताळकोटांतील दुधी उत्तरेस नर्मदेकडे जाते. नागपूरहून चढून येणाऱ्या फौजेस ही दरी पठाराच्या अगदीं कडेस येईपर्यंत दिसत नाहीं. उलट दरींत असलेल्या माणसास नदीच्या वाटेनें उत्तरेस निसटतां येतें. पूर्वीं खालीं उतरण्यास अवघड पायवाटांवांचून मार्ग नव्हता. आश्रयास याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल.

परंतु सोयीची जागा म्हणजे पुरावा नव्हे. राजाखोहाच्या पक्षीं आज इतकेंच म्हणतां येतें कीं, काळ जुळतो, प्रदेश जुळतो, आणि राजाच्या नांवाची चूक सोडली तर कथेचा गाभा इतिहासास विरोधी नाहीं. नांवाच्या चुकीचें कारणही समजण्यासारखें आहे. या घराण्यांत रघूजी नांवाचे तीन राजे झाले व तिसऱ्याचें राज्य पस्तीस वर्षें चाललें. अप्पासाहेबाची कारकीर्द मात्र दोन वर्षांच्या आंतबाहेरची. लोकांच्या स्मरणांत घराण्याचें रूढ नांव उरावें व अल्पकाळच्या राजाचें गळून पडावें, यांत नवल नाहीं.

या प्रश्नास महत्त्व आहे तें एवढ्याचसाठीं नव्हे कीं एका गुहेस राजाचें नांव मिळेल. इंग्रजी कागदांत आश्रयदाते म्हणून येतात ते जमीनदार. कारण पुढें ज्यांचा बंदोबस्त करावयाचा, त्यांचींच नांवें सरकारास हवीं होतीं. साडेआठ महिने एका राजास व त्याच्या लोकांस धान्य कोणीं पुरविलें, वाटा कोणीं दाखविल्या, फौज आल्याची वर्दी कोणीं दिली, हें त्या कागदांत शोधून मिळणार नाहीं. कोदो-कुटकीवर निर्वाह करणाऱ्या या गांवांनीं तें केलें असेल, तर त्याची साक्ष म्हणून आज तरी ही आख्यायिकाच पुढें आहे. ती बाष्कळ म्हणून टाकणें व ती जशीच्या तशी इतिहास म्हणून छापणें, हे दोन्हीही त्या गांवांवर सारखेच अन्याय होत.

निर्णय लागावयाचा तर तो कागदांनींच लागेल. नागपूर, वाडी, सावनेर, सौंसर या पट्ट्यांतील ज्या घराण्यांत भोंसल्यांच्या चाकरीचीं मोडी दप्तरें आहेत, त्यांच्या संग्राहकांनीं पुढील खुणा ध्यानांत ठेवाव्या. हा सर्व काळ शके १७४०, बहुधान्यनाम संवत्सर, या एकाच वर्षांत पडतो. सुहूर सनाप्रमाणें मृगाच्या पूर्वींचे कागद ‘समान अशर मयातैन व अलफ’ व त्यानंतरचे ‘तिसा अशर मयातैन व अलफ’ असे असतील. मजकुरांत पाताळकोट हें नांव येईलच असें नाहीं. महादेवाचे डोंगर, हर्रई, तामिया, दुधी नदी अथवा वर दिलेल्या गांवांपैकीं एखादें नांव दिसल्यास तो कागद बाजूस काढावा. धान्याच्या पावत्या, जासुदांचे रोजमुरे, वाटखर्चाचे ताळेबंद, हे वरकरणीं क्षुल्लक कागद येथें राजपत्रांहून अधिक उपयोगी पडतील. तसेंच जुन्या जागीरदार घराण्यांकडे सनदा असल्यास त्यांच्या नकला तारखांसह घ्याव्या.

याच्या बरोबरीनें आख्यायिकेचीही नोंद शास्त्रशुद्ध झाली पाहिजे. कथा कोणत्या गांवीं, कोणत्या जमातीच्या माणसानें, कोणत्या शब्दांत सांगितली; राजाचें नांव सांगणाऱ्यानें आपण होऊन घेतलें कीं विचारणारानें सुचविलें; हें प्रत्येक वेळीं लिहून ठेवावें. दरींत आतां रस्ता उतरला आहे, प्रवाशांची ये-जा वाढली आहे, आणि २०१९ सालीं पाताळकोटास जैवविविधता वारसास्थळाचा दर्जाही मिळाला आहे. प्रवाशांस ऐकविण्यासाठीं कथेस ठराविक साचा पडूं लागला कीं तिच्यांतील जुना अंश निवडून काढणें दुर्घट होतें. कागद पेटींत आणखी कांहीं वर्षें तग धरील. तोंडची कथा मात्र ऐकणारागणिक बदलते, म्हणून तिची नोंद आधीं व्हावी.