चष्म्यात आकाश कोणाचं?

शाळांमध्ये व्हीआर लॅब येत असल्याच्या बातम्या आता सरावाच्या झाल्या आहेत. हेडसेट किती, खर्च किती, उद्घाटन कोणाच्या हस्ते, सगळं छापून येतं. चष्मा लावल्यावर मुलांना दिसणार काय, हे मात्र कोणी विचारत नाही. तयार संचांत बहुधा डायनोसॉर, मंगळ आणि धडधडणारं हृदय असतं. त्यात वाईट काही नाही. पण कोळीवाड्यातली मुलगी घरातून जे विज्ञान घेऊन शाळेत येते, त्याला त्या संचात जागा नसते.

हवाईत ती जागा करून दिली गेली. हवाई विद्यापीठाच्या मानोआ इथल्या विद्यार्थ्यांनी ‘किलो होकू’ हा व्हीआर कार्यक्रम तयार केला. चष्मा लावला की आपण ‘होकुलेआ’ या पारंपरिक धाटणीच्या शिडाच्या नावेवर उभे असतो आणि ताऱ्यांवरून वाट काढायला शिकतो. या विद्येत क्षितिजाची 32 घरं मानतात. कोणता तारा कोणत्या घरातून उगवतो आणि कुठे मावळतो, हे तोंडपाठ हवं. 1976 मध्ये मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाच्या माऊ पियाइलुग यांनी होकायंत्राशिवाय हीच नाव ताहितीला नेली. 1980 मध्ये नायनोआ थॉम्पसन या हवाईच्या तरुणाने ती करामत पुन्हा करून दाखवली.

थॉम्पसन यांची तयारी प्रत्येक शिक्षकाने समजून घ्यावी अशी आहे. होनोलुलूच्या बिशप म्युझियममधल्या तारांगणात विल कायसेल्का त्यांच्यासाठी वेगवेगळ्या अक्षांशांवरचं आकाश घुमटावर उभं करत. कृत्रिम आकाशाखाली अभ्यास झाला, पण तो तिथेच थांबला नाही. माऊंच्या हाताखाली खऱ्या समुद्रावरही झाला. माऊंना तर लहानपणी आजोबांनी किनाऱ्यावरच्या भरतीच्या डबक्यांत बसवलं होतं, लाट अंगाला कळावी म्हणून. चष्म्यातली नाव डोळ्यांपुरती डुलते. अंगाला कळणारा धडा हेडसेट देऊ शकत नाही, आणि तसा दावाही कोणी करू नये.

नावेला ज्याचं नाव दिलं, तो होकुलेआ म्हणजे आपला स्वातीचा तारा. तो हवाईच्या माथ्यावरून जातो. दक्षिणेकडून परतताना स्वाती बरोबर डोक्यावर आला, की हवाईचा अक्षांश गाठला असं खलाशी समजतात. हा तारा विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे 19 अंशांवर आहे आणि मुंबई, अहिल्यानगर, नांदेडही त्याच पट्ट्यात येतात. मेअखेरीस रात्री दहाच्या सुमारास सप्तर्षींच्या शेपटीचा बाक पुढे नेत गेलं की डोक्यावर नारिंगी स्वाती सापडतो. अक्षांशाचा धडा गच्चीवर शिकता येतो!

आपल्या किनाऱ्याकडे स्वतःचं गणितही आहे. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती. यामागे चंद्राचं रोज सुमारे 50 मिनिटांनी उशिरा उगवणं आहे. मग पाऊण तासाचा हिशेब पाच मिनिटांनी कमी का पडतो? आठवीच्या वर्गाला यापेक्षा चांगला प्रकल्प सापडणार नाही. इथे व्हीआर खरोखर उपयोगी पडेल. सूर्य, चंद्र, पृथ्वी आणि वर्सोव्याची खाडी एकाच नजरेत आणून महिनाभराची भरती-ओहोटी दोन मिनिटांत दाखवणं फळ्यावर जमत नाही.

तयार माल विकत घेण्यात आणखी एक धोका आहे. ‘गूगल एक्स्पिडिशन्स’वर अनेक शाळा विसंबल्या होत्या, 2021 मध्ये कंपनीने ते ॲप बंद केलं. आशय आपला नसेल, तर तो कधी जाईल हेही आपल्या हातात नसतं.

म्हणून लॅबच्या खर्चातला मोठा वाटा हेडसेटऐवजी मराठी आशयावर व्हायला हवा. तो घडवताना प्रोग्रामर आणि विज्ञान शिक्षकाच्या शेजारी कोळीवाड्यातला जाणता तांडेल, म्हणजे नावेचा प्रमुख, हाही बसला पाहिजे, सल्लागार म्हणून, पूर्ण मानधन घेऊन. निविदेत ही अट घालायला कोणतंही नवं तंत्रज्ञान लागत नाही.