सूर्यास्तानंतरचा अदृश्य उजेड

दिवेलागणीची वेळ टळली, म्हणजे आकाशांतील उजेड सरला, असें आपण समजतों. परंतु डोळ्यांस न दिसणारा एक उजेड त्यानंतरहि सुमारें तासभर उंच आकाशांत रेंगाळत असतो. त्याचा उगम आपल्या नित्याच्या प्राणवायूंतच आहे, हें आम्ही वाचकांस सांगूं इच्छितों.

दिवसा उंच वातावरणांत सूर्याचे अतिनील किरण ओझोनचा रेणु फोडतात. त्यांतून सुटणारा प्राणवायूचा रेणु बहुधा उत्तेजित असतो. म्हणजे विद्युत्कणांच्या बदललेल्या मांडणीमुळें कांहीं जादा शक्ति त्याच्या गांठीं असते. ती १·२७ मायक्रॉन लांबीच्या अवरक्त प्रकाशाच्या रूपानें टाकून तो शांत होतो. मात्र विद्युत्कणांची गिरकी पूर्ववत् होणें निसर्गनियमानें अवघड असल्यामुळें, एकट्या रेणूस यासाठीं सरासरी तासाहून अधिक वेळ लागतो.

आपल्या अंगणांतील हवेंत मात्र तोच रेणु सेकंदाच्या सुमारें दहाव्या हिश्शांत शांत होतो. शेजारचे प्राणवायूचे रेणु त्याला सारखे धडकतात. कोट्यवधि धडकांत एखादीच सफल होते, पण तेवढीच त्याची शक्ति हिरावून घेण्यास पुरते, आणि प्रकाश बहुतेक निघतच नाहीं.

येथें उष्णमानाचा संबंध येतो. हवा निवाली, कीं रेणूंचा वेग मंदावतो व सफल धडकांचें प्रमाण घटतें. रेणूंची दाटी तीच ठेवून उष्णमान २७ अंशांवरून शून्याखालीं ५० अंशांवर नेलें, तर शांत होण्याचा हा वेग सुमारें पाऊणपट उरतो.

एवढ्याशा फरकाचें महत्त्व काय, असें कोणी विचारील. १९८१ सालीं अमेरिकेनें सोडलेल्या ‘सोलर मेसोस्फिअर एक्सप्लोरर’ या उपग्रहानें हाच प्रकाश मोजला, व त्यावरून उंचावरील ओझोनचा हिशेब मांडण्यांत आला. सुमारें ७० किलोमीटर उंचीवर धडकांनीं शांत होणारे आणि प्रकाश देऊन शांत होणारे रेणु तोडीस तोड असतात, आणि तेथें थंडीहि वर सांगितल्याइतकीच कडक असते. अशा जागीं उबदार प्रयोगशाळेंतील माप लावलें, तर धडकांत वांया गेलेल्या रेणूंची संख्या फुगते, आणि पर्यायानें ओझोन आहे त्याहून अधिक भासतो. म्हणून शास्त्रज्ञांस वायु थंड करून हीं मापें पुनः घ्यावीं लागतात.

ज्या हवेचा हिशेब करावयाचा, तिचें उष्णमान आधीं विचारावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.