विजेच्या मोटारीचे वय

विजेची मोटार घेऊ पाहणारे गृहस्थ आम्हांस हटकून विचारतात, बॅटरी टिकणार किती? प्रश्न रास्त आहे. मोटारीच्या किमतीचा फार मोठा वाटा तिच्यातच गुंतलेला असतो. गाडी पळेल तितकी बॅटरी झिजेल, असा आपला समज. तो अर्धाच खरा. लिथियमची बॅटरी उभ्या उभ्याही म्हातारी होते!

असे का व्हावे? तिच्यातील ग्राफाईटवर पहिल्यांदा चार्ज करतानाच एक अतिपातळ थर बसतो. तो ग्राफाईटचे रक्षणच करतो. परंतु वर्षानुवर्षे जाड होत थोडेथोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. तेवढी शक्ती गेली ती गेली. बॅटरी काठोकाठ भरलेली आणि भोवती कडक ऊन, असा योग आला की हे काम झपाट्याने होते. अमेरिकेतील फीनिक्स या तप्त शहरी निसान लीफच्या मालकांनी २०१२ साली याच तक्रारी केल्या; त्या गाडीत बॅटरी निववण्यास द्रवाची योजना नव्हती. नागपूर-अकोल्याच्या वैशाखात हे ध्यानी असावे.

रोजच्या फेऱ्यांना ८० टक्के पुरे. पूर्ण भरावी ती लांबच्या प्रवासाच्या तोंडावर. महिनाभर परगावी जाताना निम्मी ठेवून सावलीत उभी करावी. लोह-फॉस्फेट जातीची गोष्ट थोडी निराळी; मापक अचूक राहावा म्हणून ती अधूनमधून पूर्ण भरावी लागते.

आणि जुनी गाडी घेताना केवळ किलोमीटरच्या आकड्यावर भुलू नये. ती कोठे, कशी उभी असे, हेही विचारावे.