भट्टीचा ब्लोअर आणि पायात येणारी वायर

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लेखी मजकूर. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत.

सुट्टीला बारामतीला आलो की भिगवणला मामांच्या खानावळीत एक फेरी असतेच. उजनीच्या पाण्यातली मासळी आणि कोळशाच्या भट्टीवरची भाकरी. या वेळी मात्र जेवणाआधी भट्टीकडेच लक्ष गेलं. भट्टीला ब्लोअर, ब्लोअरला दोन पिनचा प्लग, आणि तिथून निघालेली वायर सरळ गोणपाटाखाली. मध्ये चिकटपट्टीचा एक जोड. मामांच्या भाषेत, वायर ‘लपवलेली’.

त्याच संध्याकाळी फरशी धुताना कामाच्या पोराला झटका बसला. हात झटकून बाजूला झाला, सुदैवाने तेवढ्यावर भागलं. मामा म्हणाले, “अरे, पाच वर्षं झाली, असं कधी झालं नाही.” मी म्हटलं, “मामा, पाच वर्षं ती वायर तुम्हाला दिसलीच कुठं?”

आजचा मुद्दा एवढाच आहे. वायर पायांपासून आणि आगीपासून लपवायची, पण आपल्या नजरेपासून नाही.

आधी ब्लोअर काय करतो ते बघू. आपल्या भट्टीचा ब्लोअर निखाऱ्यात हवा ढकलतो. जास्त हवा म्हणजे जास्त ऑक्सिजन, म्हणून आंच वाढते. थंड देशांत घरातल्या शेकोटीच्या कोनाड्यात लोखंडी पेटी बसवतात. तिचा ब्लोअर आगीत हवा सोडत नाही. तो खोलीतली हवा गरम पेटीच्या भोवतीने फिरवून परत खोलीत सोडतो. न्यू जर्सीतल्या आतेभावाने त्याच्या पेटीचा फोटो पाठवला, तर तिथेही वायर गालिच्याखाली! काम वेगळं, चूक तीच.

आता वीज. मामांच्या ब्लोअरच्या पट्टीवर ११५ वॅट लिहिलंय. ११५ भागिले २३० व्होल्ट, म्हणजे साधारण अर्धा अँपिअर. रोज आठ तास चालला तरी एक युनिट पुरं होत नाही. त्यामुळे ६ अँपिअरचा साधा पॉइंट भरपूर झाला. पण तो तीन पिनचा हवा आणि त्याची अर्थिंग खरी हवी. ब्लोअरचं अंग पत्र्याचं असतं. आत वायर सोलवटली आणि अर्थिंग नसेल, तर तो पत्राच जिवंत होतो.

इथे बरेच जण म्हणतात, “एमसीबी आहे की!” एमसीबी पडतो तो जास्त करंट गेला तर. माणसाच्या अंगातून जाणारा जीवघेणा करंट त्याच्या हिशेबात फार छोटा असतो, त्याला तो कळतही नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची तो सतत तुलना करतो. दोन्हींत ३० मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला की क्षणात वीज तोडतो. ओल्या फरशीच्या खानावळीत हा नसेल, तर बाकी सगळं शोभेचं.

आता वायर लपवणं. साधी पीव्हीसी वायर ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या कामासाठी बनवलेली असते. भट्टीला चिकटून गेली की तिचं आवरण मऊ पडतं आणि पुढे तडकतं. गोणपाटाखाली तर तिची स्वतःची उष्णताही बाहेर जात नाही, वरून पाय पडतात आणि खाली पाणी मुरतं. म्हणून आम्ही हे केलं :

१. ब्लोअर भट्टीपासून चार फूट मागे घेतला आणि मध्ये सरळ लोखंडी पाइप टाकला. आगीजवळ वारा न्यायचा, वायर नाही. निम्मं काम इथेच झालं.

२. त्या पाइपात एक झडप बसवली. लाइट गेली की भट्टीतली गरम हवा उलटी येऊन मोटर भाजते. तेव्हा झडप बंद.

३. परवानाधारक वायरमनकडून नवा पॉइंट घेतला. वायर थंड बाजूच्या भिंतीवरून, कमरेच्या वर, आयएसआय शिक्क्याच्या पाइपातून. जमिनीवर काहीच नाही.

४. पॉइंटपासून ब्लोअरपर्यंत तीन तारांची, सिलिकॉन रबराची अखंड वायर. ती १८० अंशांपर्यंत टिकते. मध्ये एकही जोड नाही.

५. स्विच अशा जागी, की बंद करायला आगीवरून हात न्यावा लागू नये.

आतेभावालाही हेच सांगितलं : धुराड्यातून किंवा पेटीच्या मागून वायर नेऊ नकोस. बाजूच्या भिंतीत पॉइंट काढून घे आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या वाटेनेच वायर आत ने.

वायरच नको असेल तर? तोही मार्ग आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने बीपी कंपनीने ‘ऊर्जा’ नावाची चूल बाजारात आणली होती. शेतातल्या काडीकचऱ्याच्या गोळ्यांवर चालणारी. तिचा छोटा पंखा चार्ज होणाऱ्या बॅटरीवर फिरायचा, त्यामुळे पेटत्या चुलीला वायर लागायचीच नाही. घरच्या चुलीला ही युक्ती छान. मामांच्या ११५ वॅटला मात्र मोठी बॅटरी लागेल.

तुमच्या ओळखीत भट्टी असेल, चहाची असो की गुऱ्हाळाची, तर एक काम करा. दोन तास पेटल्यावर स्विच बंद करून प्लग काढा आणि वायरवरून हात फिरवा. गरम लागली, चिकट लागली, किंवा हाताला जोड लागला, तर त्या दिवशी भट्टी हातपंख्यावर चालवा आणि वायरमनला बोलवा.

मामांचं गोणपाट आता दारात पाय पुसायला आहे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.