699-699

एनबीए बास्केटबॉलमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या 2015-16च्या हंगामाची गोष्ट ओक्लाहोमा सिटीपासून सुरू करावी. 27 फेब्रुवारी 2016. जादा वेळ संपत आलेली, गुण 118-118. टाइम-आउट हाताशी होता, पण प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी तो घेतलाच नाही. स्टेफन करी चेंडूला टप्पे देत मध्यरेषा ओलांडून आला आणि सदतीस-अडतीस फुटांवरून त्याने तो सोडून दिला. तीन गुणांची रेषा समोरून असते पावणेचोवीस फुटांवर! इतक्या लांबून चेंडू फेकणाऱ्या पोराला शाळेतला कुठलाही प्रशिक्षक बाकावर नेऊन बसवेल. इथे तो थेट जाळीत गेला. त्या सामन्यातला करीचा हा बारावा थ्री-पॉइंटर; मधे घोटा दुखावून तो आत जाऊन आला होता, ते वेगळंच.

हंगामातल्या थ्री-पॉइंटर्सचा विक्रम होता 286, तोही करीचाच. तो त्याच रात्री मोडला, संघाचे 24 सामने शिल्लक असताना. शेवटी आकडा 402वर थांबला. विक्रम असे मोडत नाहीत हो, ते इंचाइंचाने सरकतात.

सुरुवातीचे 24 सामने संघ हरलाच नव्हता. त्या काळात कर पाठीच्या शस्त्रक्रियेने बेजार होते. पहिले 43 सामने ल्यूक वॉल्टनने सांभाळले आणि 39 जिंकले; नियमाप्रमाणे नोंद मात्र करांच्या नावावर. पुढचं लक्ष्य शिकागो बुल्सचा 1995-96चा 72 विजय, 10 पराभवांचा विक्रम, आणि त्या बुल्समध्ये खेळाडू म्हणून कर स्वतःच होते. 13 एप्रिलला मेम्फिसला हरवून 73-9 झालं. त्याच रात्री कोबी ब्रायंटने आपल्या अखेरच्या सामन्यात 60 गुण केले आणि निम्मा भाव खाऊन गेला.

73च्या नादात संघ दमला, असं अजूनही म्हणतात. मला पटत नाही. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत ओक्लाहोमाविरुद्ध 1-3 मागे पडून उलटलेला संघ दमलेला कसा?

मग विजेतेपदासाठी क्लीव्हलंड. 3-1 आघाडी वॉरियर्सची. पाचव्या सामन्याला त्यांचा ड्रेमंड ग्रीन निलंबित, त्याच सामन्यात अँड्र्यू बोगटचा गुडघा गेला, आणि बघता बघता 3-3. सहा सामन्यांच्या गुणांची बेरीज केली तर दोन्ही संघांचे 610. सातवा सामना 19 जूनला ओकलंडमध्ये झाला; आपल्याकडे सोमवारची सकाळ. साडेचार मिनिटं उरली असताना 89-89. म्हणजे मालिकेत 699-699. यानंतर वॉरियर्सना एकही गुण मिळाला नाही. क्लीव्हलंडच्या लेब्रॉन जेम्सने वॉरियर्सच्या इग्वोडालाचा ले-अप मागून झेपावून फळीवर दाबला. 53 सेकंद राहिले असताना काइरी आयर्व्हिंगने करीच्याच डोक्यावरून थ्री-पॉइंटर टाकला. शेवटी जेम्सचा एक फ्री थ्रो. 703-699.